घसादुखीनंतर मूल एकाएकी बदललं, तर आयव्हीआयजी द्यायचं का?

मुलाच्या वागण्यात वर्षभरात हळूहळू फरक पडणं वेगळं आणि शुक्रवारी शाळेतून नीट घरी आलेलं मूल सोमवारी ओळखू न येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आईवडील डॉक्टरांना दिवस सांगतात, ‘अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून’ इतका नेमका. मूल तासतासभर हात धूत बसतं. ‘आई, मी मरणार नाही ना?’ हा एकच प्रश्न दिवसभर विचारतं. घास अडकेल म्हणून जेवत नाही. मान झटकतं, डोळे मिचकावतं, चौथीत असून अंथरूण ओलं करतं. चांगलं वळणदार अक्षर गिचमिड होतं. मागचे दिवस आठवून पाहिले की दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखून ताप येऊन गेल्याचं लक्षात येतं.

मुंबईतल्या अशा घरांत डॉक्टरांच्या आधी बहुधा दोन मतं पोचलेली असतात. एक शेजारपाजारचं : नजर लागली, बाहेरचं काही झालं, नाहीतर मोबाइलचे परिणाम. दुसरं फोनवरून आलेलं : हा पॅन्डास (घशाच्या जंतुसंसर्गाशी जोडला जाणारा, एकाएकी उसळणारा आजार) आहे, आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या रोगप्रतिकारक प्रथिनांचं सलाइन) दिलं की मूल पूर्ववत होतं. पहिल्या मतापायी महिने वाया जातात, दुसऱ्यापायी कधी कधी लाखो रुपये. आयव्हीआयजी द्यावं का, हा प्रश्न मी नंतरचा मानते. आधी विचारायचं ते हे, की मुलाला नेमका कोणता आजार आहे आणि तो कशावरून ठरवला? संसर्गानंतर मेंदूवर परिणाम करणारे आजार सुरुवातीच्या आठवड्यांत एकमेकांसारखे दिसू शकतात. पण त्यांपैकी एकात हे औषध जीव वाचवतं, एकात त्याचा फायदा अजून सिद्ध व्हायचा आहे, आणि एकात त्याने आजार थांबत नाही.

जंतू घशातच राहतो, मग मेंदूला काय होतं?

स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा घसा सुजवणारा जंतू, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसता ‘स्ट्रेप’. या आजारांत तो स्वतः मेंदूपर्यंत जात नाही. घोटाळा होतो तो त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडींमुळे. या जंतूवरच्या काही रेणूंची ठेवण आपल्या हृदयाच्या झडपांमधल्या आणि मेंदूतल्या काही रेणूंशी मिळतीजुळती आहे. निळ्या शर्टातला चोर पळाला म्हणून पोलिसांनी रस्त्यावरच्या प्रत्येक निळ्या शर्टवाल्याला धरावं, तसं काहीसं इथे होतं. मेंदूत हा मार प्रामुख्याने बेसल गँग्लिया या खोलवरच्या भागाला बसतो. कोणती हालचाल होऊ द्यायची, कोणती दाबायची, कोणता विचार सोडून द्यायचा, यात या भागाचा मोठा वाटा असतो. म्हणूनच तिथे बिघाड झाला की अंग आपोआप हलायला लागतं आणि मनात एकच विचार फिरत राहतो, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात.

या साखळीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का नमुना म्हणजे सिडनहॅम कोरिया. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा रुमॅटिक तापाचाच एक प्रकार. श्रीमंत देशांत रुमॅटिक ताप आता विरळा झालाय, आपल्याकडे तो गेलेला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं झोपतात तिथे एकाचा घसा सगळ्यांचा होतो. कोरियात मुलाचे, आणि जास्त करून मुलींचे, हातपाय नाचवल्यासारखे हलतात. पेला हातातून पडतो. जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितलं तर ती आत-बाहेर होते. डॉक्टर स्वतःची दोन बोटं मुलाला घट्ट धरायला सांगतात, तेव्हा पकड आवळते-सैलावते, आवळते-सैलावते. हालचाली दिसायच्या आधी किंवा बरोबरच चिडचिड, रडणं आणि ओसीडीसारखी (तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा) लक्षणं येऊ शकतात. वर्गात बाईंचा ओरडा बसतो तो याच काळात, कारण मूल मुद्दाम धसमुसळेपणा करतंय असं वाटतं.

कोरिया घशाच्या आजारानंतर कित्येक महिन्यांनी उगवू शकतो. तोवर रक्तातला स्ट्रेपचा पुरावा पुसट झालेला असतो. कोरिया स्वतः बहुतेक मुलांमध्ये काही महिन्यांत ओसरतो. खरी भीती हृदयाच्या झडपांची असते, म्हणून कोरियाच्या प्रत्येक मुलाचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायलाच हवा, स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही तरीही. हालचाली आवरायला व्हॅल्प्रोएटसारखी औषधं देतात. त्रास जास्त असेल तर स्टेरॉइड देतात. ब्राझीलमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोनमुळे कोरिया लवकर ओसरला होता. पण भविष्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं औषध आहे बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. दर २१ दिवसांनी, कित्येक वर्षं. कारण पुन्हा स्ट्रेप झाला की पुन्हा तोच हल्ला, आणि दर हल्ल्याला झडप आणखी खराब. हे इंजेक्शन या लेखातल्या सगळ्या औषधांत स्वस्त आहे, दुखतं फार, आणि मूल बरं दिसायला लागलं की घरचे तेच पहिल्यांदा बंद करतात. हातपाय थांबले म्हणजे आजार संपला असं वाटणं साहजिक आहे. पण या एका सवयीपायी मुंबईत कोवळ्या वयात झडपा बदलाव्या लागलेली माणसं आहेत, आणि ते टाळता येण्यासारखं होतं याचं मला अतिशय वाईट वाटतं.

जिथे एक आठवडाही घालवायचा नाही

आता दुसरा आजार. २००७ मध्ये होसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या मेंदूदाहाचं कारण दाखवून दिलं. यात शरीर मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरविरुद्ध (संदेश पकडणाऱ्या रेणूविरुद्ध) अँटिबॉडी तयार करतं. मोठ्या मुलींमध्ये आणि तरुण बायकांमध्ये कधी कधी अंडाशयातली गाठ त्याचं मूळ असते. लहान मुलांमध्ये बऱ्याचदा असं काहीच सापडत नाही. मेंदूला नागिणीच्याच कुळातल्या हर्पिस सिंप्लेक्स विषाणूचा संसर्ग होऊन गेल्यावरही हा आजार येऊ शकतो. स्पेनमधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांना पुढच्या काही महिन्यांत अँटिबॉडीमुळे होणारा मेंदूदाह झाला. म्हणजे विषाणूवर औषध झालं, मूल घरी आलं, आणि महिनाभराने ते पुन्हा विचित्र वागायला लागलं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबायचं नाही.

याची सुरुवात निव्वळ मानसिक आजारासारखी होऊ शकते : झोप उडणं, भास, भलतंच बोलणं, आक्रस्ताळेपणा. मग दिवसांच्या किंवा थोड्या आठवड्यांच्या अंतराने फिट्स येतात, तोंड चघळल्यासारखं हलत राहतं, हातपाय वेडेवाकडे होतात, बोलणं कमी होत होत थांबतं, ताप, नाडी आणि रक्तदाब वरखाली होतात. लहान मुलांमध्ये फिट्स आणि हालचालींनीच सुरुवात होणं जास्त आढळतं. निदानासाठी पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात ही अँटिबॉडी शोधावी लागते. नुसत्या रक्तात ती कधी कधी सापडत नाही. ‘पाठीतून पाणी काढलं की मूल लुळं पडतं’ ही भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ही तपासणी कमरेजवळ, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालून करतात. तिला नकार दिल्यामुळे निदान लांबणं हा खरा धोका आहे.

या आजारात रोगप्रतिकारशक्तीवरचे उपचार म्हणजे मुख्य उपचार. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज, यांतलं एक किंवा दोन. फरक पडला नाही तर रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या टप्प्याच्या उपचारांनी साधारण निम्म्या रुग्णांमध्ये चार आठवड्यांत सुधारणा दिसली आणि दोन वर्षांच्या अखेरीस पाठपुराव्यातल्या सुमारे ८० टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती. ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले ते जास्त बरे झाले. मूल महिनाभर बिछान्यात शून्य नजरेने पडून असतं, नातेवाईक आशा सोडतात, आणि तेच मूल पुढे शाळेत जातं, असा हा आजार आहे. इथे खर्चाचा विचार करून आयव्हीआयजी लांबवू नये. पैशाची अडचण असेल तर उपचार चालू ठेवून त्याच दिवशी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटावं.

पॅन्डास आणि पॅन्स : नाव मिळालं, तपासणी नाही

आता ज्याच्यावरून सगळा वाद आहे तिकडे येऊ. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या सुसान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. या मुलांना ओसीडी किंवा टिक्स (डोळे मिचकावणं, मान झटकणं अशा आपोआप होणाऱ्या हालचाली) होत्या. त्या तिसऱ्या वर्षापासून वयात येईपर्यंतच्या काळात झटक्यात सुरू झाल्या होत्या, कमी-जास्त होत राहत होत्या, आणि त्यांच्या उचलीचा, म्हणजे पुन्हा उसळण्याचा, स्ट्रेपच्या संसर्गाशी वेळेचा मेळ बसत होता. या गटाला पॅन्डास नाव मिळालं. पण दर वेळी स्ट्रेप सापडेना. तेव्हा २०१२ मध्ये व्याख्या रुंद करून पॅन्स मांडण्यात आलं : ओसीडी किंवा खाणं एकदम कमी होणं अचानक आणि तीव्रपणे सुरू व्हायला हवं, त्याच्या जोडीला भीती, लहरी मन, आक्रमकपणा, लहान बाळासारखं वागणं, अभ्यासात घसरण, हालचाली किंवा संवेदनांचे बदल, झोप-लघवीच्या तक्रारी, यांपैकी किमान दोन गोष्टी तशाच झपाट्याने आलेल्या हव्यात, आणि दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या आजाराने हे सगळं समजावता येऊ नये. कारण कोणतं, याची अट पॅन्समध्ये नाही.

ही कल्पना हवेतली नाही. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१७ मध्ये आला. स्ट्रेपची तपासणी पॉझिटिव्ह आलेल्या मुलांमध्ये पुढे ओसीडीचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी आणि टिक्सचं सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त होतं. मात्र स्ट्रेप नसलेल्या घसादुखीनंतरही धोका थोडा वाढलेला दिसला. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की पॅन्डास असलेल्या मुलांच्या रक्तातल्या अँटिबॉडी बेसल गँग्लियातल्या एका विशिष्ट प्रकारच्या पेशींना चिकटतात आणि त्यांचं काम मंदावतं. दुसऱ्या बाजूला, २००८ मध्ये अमेरिकेत पॅन्डासच्या ४० मुलांवर सलग नजर ठेवली गेली, तेव्हा त्यांच्या आजाराच्या बहुतेक उचलींच्या आसपास स्ट्रेपचा संसर्ग सापडलाच नाही. म्हणजे काही मुलांमध्ये रोगप्रतिकारशक्तीचा हात असावा असं मानायला जागा आहे, पण समोर बसलेलं मूल त्यांपैकी आहे की नाही, हे सांगणारी खात्रीची तपासणी आपल्याकडे नाही.

त्या जागी मुंबईत काय होतं? एएसओ टायटर ही रक्ततपासणी. लॅबच्या कागदावर आकडा ठळक छापून येतो आणि घरात ‘स्ट्रेप निघाला’ अशी बातमी होते. एएसओ वाढलेला असणं म्हणजे मागे कधीतरी या जंतूशी गाठ पडली होती, इतकंच. संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांत तो सर्वांत वर जातो आणि काही महिने वर राहू शकतो. गर्दीच्या शहरातल्या शाळकरी मुलांत तो धडधाकट असतानाही वाढलेला सापडतो. काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून आकडा चढताना दिसला, किंवा आजाराच्या सुरुवातीलाच घशाच्या स्वॅबमध्ये जंतू सापडला, तर त्याला वजन. तेही पूर्ण नाही, कारण काही मुलांच्या घशात हा जंतू काही न करता वस्तीला असतो. केवळ एएसओ वाढला म्हणून महिन्या-महिन्याला पेनिसिलिन घेणारी मुलं मी पाहिली आहेत. कोरियाच्या मुलाला ज्याची नितांत गरज आहे तेच इंजेक्शन या मुलांना विनाकारण टोचलं जातं. परदेशात पॅन्डाससाठी अँटिबॉडींचे महागडे पॅनेलही विकले जातात. स्वीडनमधल्या एका अभ्यासात असं एक पॅनेल निरोगी लोकांमध्येही सर्रास पॉझिटिव्ह आलं, हे पैसे भरण्यापूर्वी लक्षात असू द्यावं.

आयव्हीआयजीबद्दल चाचण्या काय सांगतात

आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडींचं सलाइन. बाहेरून इतक्या अँटिबॉडी आल्या की शरीरातल्या चुकीच्या अँटिबॉडी लवकर मोडीत निघतात, दाहाचे संदेश दबतात, आणखीही काही गोष्टी घडतात. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये रक्त यंत्रातून फिरवून अँटिबॉडी असलेला प्लाझ्माच काढून घेतात. त्यासाठी मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत नळी लागते, म्हणजे लहान मुलासाठी हे मोठं प्रकरण.

पॅन्डासमधली पहिली महत्त्वाची चाचणी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीस मुलं, तीन गट : आयव्हीआयजी, प्लाझ्मा एक्स्चेंज आणि औषध नसलेलं सलाइन. महिन्याभरात ओसीडीची लक्षणं आयव्हीआयजीच्या गटात सरासरी ४५ टक्क्यांनी आणि प्लाझ्मा एक्स्चेंजच्या गटात ५८ टक्क्यांनी उतरली. नुसत्या सलाइनच्या गटात फारसा फरक नव्हता. जगभर आशा पसरली ती या आकड्यांमुळे. पण एका गटात जेमतेम दहा मुलं होती, आणि प्लाझ्मा एक्स्चेंज आपल्याला झालंय हे मुलांना आणि पालकांना उघड दिसत होतं. मग २०१६ मध्ये दुसरी चाचणी आली. पस्तीस मुलं, निम्म्यांना आयव्हीआयजी, निम्म्यांना नकली औषध, आणि सहा आठवडे कुणालाच माहीत नाही कुणाला काय मिळालं. लक्षणं आयव्हीआयजीच्या गटात सरासरी २४ टक्क्यांनी उतरली, नकली औषधाच्या गटात १२ टक्क्यांनी. इतक्या कमी मुलांत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पुढे उघडपणे आयव्हीआयजी दिलेल्या मुलांत बरीच सुधारणा दिसली, पण तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं की औषध मिळालंय.

‘आमच्या मुलाला तर फरक पडला!’ हे वाक्य ऐकलं की मला त्या आईवडिलांचा आनंद खरा वाटतो, आणि तरीही त्यावरून औषधाचा गुण ठरवता येत नाही. हा आजार मुळातच उसळतो आणि ओसरतो. उपचार बहुधा लक्षणं शिगेला पोचलेली असताना होतात, म्हणजे त्यानंतरचे आठवडे उताराचे असण्याची शक्यता तशीही जास्त. म्हणूनच नकली औषधाचा गट लागतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने डिसेंबर २०२४ मध्ये पॅन्सवर जो अहवाल काढला, त्याचाही सूर सावधच आहे : पुरावा अपुरा आहे.

माझं मत सांगते. पॅन्सची शक्यता असलेल्या बहुसंख्य मुलांना आयव्हीआयजीची गरज नसावी. मूल खाणंपिणंच सोडून बसलंय, वजन घसरतंय, स्वतःला इजा करतंय, बाकीचे उपचार नीट करूनही घर कोलमडलंय, आणि बालमेंदूविकारतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, शक्य असेल तर बालसंधिवात किंवा इम्युनॉलॉजीचे डॉक्टर एकत्र बसून ‘देऊन पाहू’ म्हणतायत, तर तो विचार करण्यासारखा आहे. एकट्या डॉक्टरने पहिल्याच भेटीत सुचवलं, तर दुसरं मत घ्यायला जराही संकोचू नये.

मात्रा साधारण किलोमागे दोन ग्रॅम असते, दोन किंवा जास्त दिवसांत विभागून. म्हणजे २५ किलोच्या मुलाला ५० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या दहा बाटल्या. मुंबईतल्या खासगी रुग्णालयात औषध आणि मुक्काम मिळून खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. सलाइन चालू असताना ताप, थंडी वाजणं, नंतर एक-दोन दिवस जोरदार डोकेदुखी आणि उलट्या, हे बऱ्याच मुलांना होतं. क्वचित मेंदूच्या आवरणाला जंतूविना सूज येते, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्ताची गुठळी होते किंवा तीव्र अॅलर्जी येते. आणखी एक गोष्ट घाईत सुटते : आयव्हीआयजीतून दुसऱ्यांच्या अँटिबॉडी आल्यावर मुलाच्या स्वतःच्या अँटिबॉडींच्या तपासण्या भरवशाच्या राहत नाहीत. जे रक्त घ्यायचं ते आधी.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात. स्ट्रेप खरोखर सापडला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवून द्यायची नाही. स्ट्रेप नसताना पॅन्ससाठी महिनोन्महिने अॅझिथ्रोमायसिन देण्याला भक्कम आधार नाही. टॉन्सिल काढून पॅन्डास बरा होतो, यालाही नाही. आयब्युप्रोफेन किंवा नेप्रोक्सेन थोडे दिवस देऊन पाहणारे डॉक्टर आहेत. स्टेरॉइडचा छोटा कोर्स कुणाला उपयोगी पडतो, पण स्टेरॉइडनेच मूल अधिक चिडकं, जागरं आणि बेचैन होऊ शकतं. आणि मुंबईत स्टेरॉइड किंवा त्याहून जड औषध सुरू करण्याआधी टीबीचा विचार झालाच पाहिजे : घरात कुणाला आहे का, मुलाची मॅन्टू तपासणी, छातीचा एक्स-रे. परदेशी माहितीवर विसंबणाऱ्या पालकांच्या हे ध्यानात येत नाही.

जिथे हे उपचार उत्तर नाहीत

२०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपास गोवराची मोठी साथ आली. तेव्हा गेलेल्या मुलांच्या बातम्या आल्या. पण गोवराचा एक परिणाम कित्येक वर्षांनी समोर येतो : एसएसपीई. गोवराचा विषाणू मेंदूत दबून राहतो आणि साधारण सहा ते दहा वर्षांनी मूल अभ्यासात मागे पडायला लागतं, चिडतं, विसरतं, मग अंगाला झटके बसून अचानक पडतं. सुरुवातीला शाळा ‘लक्ष देत नाही’ म्हणते, घरचे मानसोपचाराला नेतात. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि पाठीच्या पाण्यातल्या गोवराच्या अँटिबॉडी यांवरून निदान होतं. इथे आयव्हीआयजीने आजार थांबत नाही, आणि दुसरं कुठलंही औषध तो मुळापासून बरा करत नाही. उपाय एकच आहे आणि तो आधीचा आहे : गोवर-रुबेलाच्या दोन लसी, नववा महिना पुरा झाल्यावर पहिली, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी.

काही आजार संसर्गाशी संबंध नसूनही असेच दिसतात. विल्सन्स डिसीजमध्ये शरीरात तांबं साठतं; अक्षर बिघडतं, स्वभाव बदलतो, आणि वेळेत गोळ्या मिळाल्या तर मूल सावरतं. उलटीच्या औषधाने मान-जीभ वाकडी होते, ती काही तासांत उतरते. साधी टिक्स आणि साधा ओसीडीही एकाएकी सुरू झाल्यासारखे वाटू शकतात. आणि शाळेत, क्लासमध्ये किंवा नात्यात मुलाला कुणी छळलं असेल, तर तेही मूल रातोरात बदलतं. हे विचारायला अवघड जातं, तरी विचारावं.

दरम्यान मूल आजच घाबरलेलं आहे

तपासण्यांचे अहवाल येईपर्यंत आणि अँटिबॉडींचा वाद मिटेपर्यंत मुलाने थांबायचं, हा मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. कारण काहीही निघालं तरी ओसीडीवरचे उपचार ओसीडीवर काम करतात. वर्तनोपचारात मुलाला भीतीसमोर थोडं थोडं उभं करतात : आज हात लागल्यावर दोन मिनिटं न धुता बसायचं, उद्या पाच. घरच्यांनाही शिकावं लागतं. ‘मरणार नाही ना?’ला शंभराव्यांदा ‘नाही रे राजा’ म्हणणं प्रेमाचं असतं, पण त्याने भीतीला खाद्य मिळतं. गरज असेल तर सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन, अगदी कमी मात्रेपासून, कारण यांतली काही मुलं औषधाला फार संवेदनशील असतात. ‘मानसोपचाराचं औषध घेतलं म्हणजे आजार मनाचा आहे हे कबूल केलं’ असं समजून काही पालक ते नाकारतात. बेसल गँग्लिया हा मेंदूचाच भाग आहे आणि ही औषधं मेंदूवरच काम करतात. त्याने अँटिबॉडीचा प्रश्न निकालात निघत नाही, आणि मुलाची झोप मात्र परत येऊ शकते.

जायचं कुठे? परळचं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच आहे. शेजारी केईएम, तिकडे सायन, नायर, जे. जे.; या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार एकाच आवारात मिळतात, ओपीडीची रांग सोसावी लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. रात्री-अपरात्री मन:स्वास्थ्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. फिट येणं, बोलणं बंद होणं, शुद्ध हरपत जाणं, किंवा दिवसभर पाणीसुद्धा न पिणं, यांत फोन करत बसू नये. थेट अपघात विभागात न्यावं.

जाताना मोबाइलवर हालचालींचे आणि हात धुण्याचे छोटे व्हिडिओ न्यावेत, कारण डॉक्टरांसमोर मूल हमखास शांत बसतं. घसा कधी दुखला, काय औषध किती दिवस दिलं, पहिलं लक्षण कोणत्या तारखेला, वजन किती होतं आणि आता किती, आधीची शाळेची वही आणि आत्ताची वही. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घशाचा स्वॅब झाला तर उत्तम, नंतर त्याला फारसा अर्थ उरत नाही. डॉक्टरांना विचारायचं : तुम्हाला कोणता आजार वाटतो? एनएमडीएचा मेंदूदाह, कोरिया आणि विल्सन्स कशावरून वगळले? आयव्हीआयजी दिलं तर फरक पडला हे आपण कोणत्या मोजमापाने आणि किती आठवड्यांनी ठरवायचं, आणि नाही पडला तर पुन्हा देणार की थांबणार? आणि आयव्हीआयजी दिलंच, तर डिस्चार्जच्या कागदावर मात्रा, तारीख आणि बॅच नंबर लिहून घ्यावा. गोवराची किंवा कांजिण्यांची लस राहिली असेल, तर ती मात्रेनुसार आठ ते अकरा महिने पुढे ढकलावी लागते. ती तारीख मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर तिथेच, डॉक्टरांच्याच हाताने लिहून घ्यावी.